अलिबाग ते कोर्लई दोन दिवसांत: आधी तिथी बघा, मग खोली बुक करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून शनिवार-रविवार, गाडी स्वतःची, सोबत सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आणि दहा वर्षांचा मुलगा. अलिबागच्या समुद्रातला, ओहोटीला चालत गाठायचा कुलाबा, मुरूडचा जंजिरा आणि कोर्लई असे तीन किल्ले बघायचेत, तर क्रम कसा लावावा? मागच्या सहलीत ‘पडक्या भिंतींशिवाय काही नव्हतं’ असं आई म्हणाल्या होत्या, तसं पुन्हा व्हायला नको. शिवाय मुलाने विचारलंय की समुद्रातल्या किल्ल्यात गोडं पाणी येतं कुठून. मुलाचा प्रश्न सगळ्यांत चांगला आहे, त्याच्याकडे शेवटी येतो.

वीस-बावीस वर्षं मी या पट्ट्यात लहान लहान गट घेऊन हिंडतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: जंजिरा या खेपेला सोडा. त्या वेळात चौल-रेवदंडा ही जुन्या बंदराची जोडगावं नीट बघा. आणि खोली बुक करण्याआधी कालनिर्णय काढून तिथी बघा.

तिथीचं आधी सांगतो, कारण त्यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. सुरुवातीच्या काळात चौदा जणांना घेऊन पौर्णिमेला अलिबागला आलो. सुट्टी होती, हवा छान होती, तारीख ठरवायला एवढं पुरेसं वाटलं. अकराच्या सुमारास किनाऱ्यावर पोचलो तर किल्ल्याला चहूकडून पाणी, आणि ते अजून चढतच होतं. लोक शहाळी पीत बसले, मी घड्याळ बघत बसलो. पाणी उतरायला संध्याकाळ झाली, तोवर किल्ल्याची वेळ संपलेली. शेजारी जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका म्हाताऱ्याने शांतपणे विचारलं, “पंचांग बघून निघाला नाहीत काय?” मग त्यानेच ती युक्ती सांगितली, जी कोकणात किनाऱ्यावरच्या बहुतेकांना ठाऊक असते आणि घाटावरच्या आपल्याला नसते: तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीनला भरती, पहाटे तीनलाही भरती. त्यात सहा तास मिळवले किंवा वजा केले की सुकती. म्हणजे चतुर्थीला सकाळी नवाच्या सुमाराला पाणी सगळ्यांत खाली. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून आदल्या दिवशी मोबाइलवर भरती-ओहोटीचं कोष्टक पडताळून घ्याच. पण दोन महिने आधी तारीख ठरवायला हे पाऊणकीचं गणित पुरतं.

आता हेच उलटं लावा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही, पण उतरतं ते सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, तुमच्या उपयोगाचं नाही. अष्टमीला सुकती बरोबर दुपारी बाराला येते, ऐकायला छान. पण तेव्हा भांग असतो, पाणी पुरतं हटत नाही, मधल्या वाटेत गुडघाभर उरतं. आई-बाबांना घेऊन ते नको. तृतीया ते षष्ठी हे दिवस बरे. सुकती सकाळी सव्वाआठ ते साडेदहाच्या दरम्यान, पाणी बऱ्यापैकी मागे गेलेलं, ऊनही चढलेलं नसतं. तुम्ही पुण्याहून पहाटे पाचला निघणार, नाश्ता धरून अलिबागला नऊ-साडेनऊ होणार. म्हणून शनिवारी पंचमी किंवा षष्ठी येईल असा आठवडा शोधा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत असा एखादा तरी मिळतोच. पावसाळ्यात या बाजूला किल्ल्यांसाठी येऊच नका.

कुलाब्याला सुकतीच्या आधी साधारण दीड तास ते नंतर दीड तास एवढीच खिडकी धरा. चालत जा किंवा घोडागाडी करा. आई-बाबांना घोडागाडीच बरी. चालणाऱ्यांनी चप्पल काढून हातात घेऊ नये, ही चूक प्रत्येक गटात एक जण करतोच. खडकांना कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. मागच्या पट्ट्याची सँडल भिजू द्या, पाय कापला तर दोन्ही दिवस फुकट. परत कधी निघायचं ते घोडागाडीवाल्याला विचारा आणि तो म्हणेल ते ऐका. ‘अजून पाच मिनिटं’ हे समुद्राला कळत नाही.

आत गेल्यावर सगळे तोफांकडे धावतात. उत्तरेच्या तटावर गाड्यांवर बसवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत, यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्यातल्या. फोटो काढा, काही हरकत नाही. पण मी लोकांना आधी बाहेरच्या तटापाशी थांबवतो आणि दोन दगडांच्या सांध्यात बोटं घालायला लावतो. बोटं आत जातात, कारण सांध्यात चुनाच नाही. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेत. लाट आपटली की पाणी फटींतून आत शिरतं, तिचा जोर तिथल्या तिथे फुटतो आणि पाणी परत वाहून जातं. भिंत लाटेशी भांडत बसत नाही. मुलाला हे करून बघू द्या, त्याच्या हाताला ते तोफेपेक्षा जास्त दिवस आठवेल. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या वर्षी, १६८० साली, या किल्ल्याचं काम सुरू झालं आणि पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथूनच किनारा ताब्यात ठेवला. १७२९ साली ते गेले. त्यांची समाधी अलिबाग गावात आहे. परतताना पाच मिनिटं तिथे थांबा. किल्ल्यातल्या सिद्धिविनायकाचं देऊळ आंग्र्यांच्याच काळातलं. आईंना तिथे टेकायला सावली मिळेल, शेजारी पुष्करणी आहे.

जाता जाता एक गंमत. अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे. ती आधी मुंबईच्या कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्रामा येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून १९०४ साली ती इथे आणली. मुंबईच्या कुलाब्याहून या कुलाब्याला.

दुपारी जेवून विश्रांती घ्या, उन्हात हिंडण्यात काही शौर्य नाही. जेवणात वालाचं बिरडं मिळालं तर सोडू नका. साडेतीनच्या सुमाराला रेवदंड्याच्या रस्त्याला लागा. वाटेत आक्षीला एक शिळा आहे. गाड्या तिच्या शेजारून सुसाट जातात. वर चंद्र-सूर्य, मध्ये कोरलेली अक्षरं, खाली गद्धेगाळ. दान मोडणाऱ्याला दगडात कोरलेली ती शिवी आहे. तिचा अर्थ मुलाला कसा सांगायचा ते तुम्ही ठरवा. लेखात ‘पश्चिमसमुद्राधिपती’ आणि कोकणचा चक्रवर्ती म्हणवणाऱ्या केसिदेवरायाचं नाव आहे. साल शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असं वाचलं गेलंय. म्हणून मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत याचं नाव घेतात. सालाच्या वाचनावर अभ्यासकांत वाद आहे. तो वाद धरूनही, आपली भाषा इतक्या जुन्या काळी समुद्रकाठी एका जमिनीच्या व्यवहारात वापरली जात होती, हे त्या दगडासमोर उभं राहून वाचणं वेगळंच. बाबांना हे नक्की आवडेल.

आता चौल. इथे बहुतेक लोक फसतात, कारण चौलला पोचल्यासारखं वाटतच नाही. नारळी-पोफळीच्या वाड्या, अरुंद रस्ता, वाळत घातलेल्या सुपाऱ्या, मध्येच एखादं तळं. किल्ला समोर उभा राहत नाही, फलक नाही. आणि हेच ते दोन हजार वर्षांचं बंदर. ग्रीक भूगोलकार टॉलेमीच्या ग्रंथात सिमिल्ला म्हणून येतं ते हेच, कान्हेरी लेण्यांच्या शिलालेखांतलं चेमुल तेच, अरबांचं सैमूरही तेच. पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन सोबत एक घोडा विकायला घेऊन समुद्रमार्गे हिंदुस्थानात उतरला, तो याच चौलला. रेवदंड्यात शाळेच्या आवारात त्याचा स्मृतिस्तंभ आहे. शाळेची वेळ असेल तर विचारून आत जा.

चौलला ‘काय बघायचं’ म्हणाल तर पहिल्या दिवशी फक्त रामेश्वर. दत्ताच्या टेकडीला शेकडो पायऱ्या आहेत, आई-बाबांना ती नको. रामेश्वराच्या सभामंडपाच्या फरशीखाली झाकलेली कुंडं आहेत: पर्जन्यकुंड, वायुकुंड, अग्निकुंड. अवर्षण पडलं की पर्जन्यकुंड उघडायची इथली परंपरा. मंडपात उभे असाल तेव्हा पायाखाली बघा, नाहीतर त्यावरूनच चालत जाल. समोरची पुष्करणी, दीपमाळ, संध्याकाळचं तिरपं ऊन, तिथे अर्धा तास नुसतं बसा. आई तिथे ‘पडक्या भिंती’ म्हणणार नाहीत, याची हमी देतो.

चौल ओस का पडलं? एक कारण गाळ. खाडी भरत गेली, मोठी जहाजं आत येईनात. दुसरं कारण मुंबई. इंग्रजांनी मुंबई वसवायला घेतल्यावर इथले रेशमी कापड विणणारे कारागीर तिकडे गेले. भुलेश्वर-काळबादेवीकडची चेऊलवाडी हे नाव तिथलंच. म्हणजे चौलचं अर्धं गाव मुंबईत सापडतं. इथे उरल्या त्या वाड्या आणि देवळं.

शनिवारी मुक्काम नागावला किंवा रेवदंड्याला करा, म्हणजे रविवारी सकाळी सातला रेवदंडा कोटात असाल. आणि तुम्ही कोटात आलात हे तुम्हाला कळणार नाही! डांबरी रस्ता तटबंदी फोडून सरळ आत जातो. आत घरं, विहिरी, वाड्या, सगळं गाव नांदतंय. पोर्तुगीजांनी १५१६ साली इथे वखार घातली आणि पुढच्या काही वर्षांत कोट बांधला. १५७०-७१ साली अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने त्याला वेढा घातला, पण कोट पडला नाही. १७४० साली तो मराठ्यांकडे आला. आतली चर्चं आज खाजगी वाड्यांत आहेत, म्हणून एक पथ्य पाळा: कुंपणापाशी उभं राहून आधी हाक मारा. “बुरूज बघायला येऊ का?” एवढं म्हटलं की मी आजवर ‘नाही’ ऐकलेलं नाही, उलट दोनदा ताक मिळालंय. न विचारता घुसणाऱ्यांमुळे मात्र अलीकडे काही फाटकांना कुलपं लागलीत.

सातखणी बुरूज नारळांच्या वर डोकं काढून उभा आहे. नाव सातखणी, उरलेत चार खण. तो बुरूज नव्हेच खरं तर, सेंट बार्बराच्या नावाच्या, फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्चचा मनोरा तो. आत जाऊन वर बघा: मजल्यांच्या तुळया गेल्यात, त्यांची भोकं तेवढी राहिलीत, एकाखाली एक, शिडीसारखी. मुलाला ती मोजायला लावा. वर चढू देऊ नका, दगड सुटतात. कमानींवर पोर्तुगीज राजचिन्ह शोधायचं असेल तर खूण सांगतो: एका ढालीत पाच छोट्या ढाली, फुलीच्या आकारात मांडलेल्या. एकदा नजर बसली की मग ती दरवाज्यावर, पडलेल्या दगडावर, कुठेही ओळखू येते. थडग्यांच्या शिळा पायदळी आल्यात, त्यांवरची लॅटिन लिपीतली अक्षरं पुसट झालीत. सकाळच्या तिरप्या उन्हातच ती वाचता येतात, दहानंतर सपाट दगड दिसतो. सातचा आग्रह त्यासाठीच.

रेवदंड्यात बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू मंडळींचं प्रार्थनास्थळही आहे. यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावला लागले अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. आता कुटुंबं बहुतेक इस्राएलला गेलीत. बाहेरून बघा, कोणी असेल तर आत जाऊ का विचारा, आणि नाही म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका.

मग कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडून साळावमार्गे कोर्लई. गाडी थेट दीपगृहापर्यंत जाते आणि तिथून किल्ल्याला पायऱ्या आहेत. बाबांना झेपलं तर वर, नाहीतर दीपगृहापाशी थांबून समुद्र बघण्यातही काही कमी नाही. वर गेलात की आधी उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. पलीकडे रेवदंडा, उजव्या हाताला खाडी, डाव्या हाताला समुद्र. डोंगर चिंचोळा, बोटासारखा पाण्यात शिरलेला. त्याला आडव्या भिंती घालून एकामागून एक दरवाजे केलेत, म्हणजे शत्रू एका खणात शिरला तरी पुढचा खण शाबूत. रेवदंडा आणि कोर्लई या चौलच्या खाडीच्या दाराच्या दोन फळ्या. आदल्या दिवशी वाड्यांतून फिरताना जे तुकडे तुकडे वाटलं असेल, ते इथून एकच गाव दिसतं. म्हणूनच मी कोर्लई नेहमी शेवटी ठेवतो. आधी आलात तर फक्त ‘व्ह्यू’ दिसतो.

खाली खाडीच्या तोंडावर नजर टाका. मार्च १५०८ मध्ये इथेच इजिप्तच्या मामलुकांचं आणि गुजरातचं आरमार पोर्तुगीजांना भिडलं. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेंसो द आल्मेदा याचं जहाज बाहेर पडता पडता कोळ्यांनी मासेमारीसाठी पाण्यात रोवलेल्या खुंटांत अडकलं. प्रवाह सोडवू देईना, आणि तो तिथेच मारला गेला. युरोपातून तोफा घेऊन आलेलं जहाज अडलं ते इथल्या कोळ्यांच्या खुंटांत.

पायथ्याच्या कोर्लई गावात माउंट कार्मेल चर्च आहे, आणि तिथल्या ख्रिस्ती वस्तीत सुमारे हजारभर लोक एक वेगळीच बोली बोलतात. ते तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. शब्द पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठीच्या वळणाची, क्रियापद शेवटी. आपल्याशी ही मंडळी उत्तम मराठी बोलतात. फक्त ‘जरा तुमची भाषा बोलून दाखवा’ असं कुणाला म्हणू नका. दुकानात काहीतरी घ्या, थांबा, आपसात बोलतील ती कानावर पडेल.

जंजिरा का सोडा म्हणालो? अलिबागहून मुरूड पन्नासेक किलोमीटर, रस्ता वळणाचा, आणि रविवारी राजपुरीच्या धक्क्यावर, जिथून होड्या सुटतात तिथे, रांग. शिडाच्या होडीतून जाण्यात मजा आहे, पण किल्ल्याच्या दारात होडी वरखाली होत असताना पायरीवर पाऊल टाकावं लागतं; सत्तरीच्या गुडघ्यांना ते जिकिरीचं. शिवाय होडीवाले पाऊण तासात परत बोलावतात. मराठ्यांना न मिळालेला, १९४८ पर्यंत सिद्दींचं संस्थान सांभाळलेला एवढा मोठा किल्ला पाऊण तासात धावत बघायचा, तर घरी बसलेलं बरं. पुढे कधी मुरूडला मुक्काम करून पहिल्या होडीने जा. दारातल्या शिल्पातल्या वाघाचे हत्ती मोजा, तोंडात, शेपटीत आणि चारी पंज्यांत मिळून सहा भरतील. खोकरीचे घुमट, म्हणजे सिद्दींच्या कबरी बघा, आणि जमलं तर जवळचाच पद्मदुर्ग हा जलदुर्ग. तिथल्या तटात खाऱ्या वाऱ्याने दगड झिजून आत गेलाय आणि सांध्यातला चुना मात्र मधाच्या पोळ्यासारखा उभा राहिलाय. कुलाब्याला चुन्याशिवाय, इथे चुन्यावर! दोन्ही बघितल्यावर गवंड्यांना हात जोडावेसे वाटतात.

रविवारी दीडच्या आत परतीला लागा, नाहीतर वडखळ नाक्याला संध्याकाळ होते. वाटेत पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसल्या तर घ्या. मान बारीक आणि चवीला गोडसर असेल तो खरा अलिबागचा.

आता मुलाचा प्रश्न. त्याला सांगा: एका ग्लासात मिठाचं दाट पाणी घे, त्यात चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू साधं रंगीत पाणी सोड. रंगीत पाणी वर तरंगेल. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं. बेटावर पडलेला पाऊस खडकाच्या भेगांतून झिरपतो आणि खाली मुरलेल्या खाऱ्या पाण्यावर असाच तरंगून राहतो. विहीर त्या थरापुरतीच खोदायची, जास्त खोल गेलात किंवा जास्त उपसलं की खारं वर येतं. त्याला कुलाब्याच्या पुष्करणीपाशी उभं करा आणि तटापलीकडे समुद्र किती पावलांवर आहे ते चालून मोजायला सांगा. आकडा मला कळवा.